करार १६९ की २००७ चा जाहीरनामा?

जमिनीच्या लढ्यात आदिवासी समाजाने कशाचा आधार घ्यावा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींच्या हक्कांबाबतचा १९८९ चा करार क्रमांक १६९ कायद्याने बंधनकारक आहे. देशाने तो स्वीकारला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं. पण स्वीकारणारे देश जेमतेम २४, त्यातले बहुतेक लॅटिन अमेरिकेतले. मला आणखी एक गोष्ट खटकते: करारभंगाची तक्रार कामगार किंवा मालक संघटनेमार्फतच करता येते. ज्यांची जमीन जाते त्यांना थेट दार ठोठावता येत नाही. आणि प्रकल्पाआधी सल्लामसलत सक्तीची असली, तरी ती संमती मिळवण्याच्या 'उद्देशाने' करायची. नकार मिळाला तर प्रकल्प थांबेलच, असं नाही.

संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींच्या हक्कांबाबतचा १३ सप्टेंबर २००७ चा जाहीरनामा याबाबत पुढे जातो. स्वयंनिर्णयाचा हक्क तो स्पष्ट मान्य करतो, आणि संमतीशिवाय कुणालाही हलवायचं नाही, असं कलम १० सांगतं. बाजूने १४४ मतं पडली. विरोधातल्या अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चौघांनीही पुढे पाठिंबा दिला. तो बंधनकारक नाही, हे खरं. तरी पाचच आठवड्यांत मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या माया आदिवासींच्या गावांचा जमिनीवरचा हक्क मान्य करताना त्याचा आधार घेतला, आणि बेलीझने करार १६९ स्वीकारलेलाच नव्हता!

देशाने करार स्वीकारला असेल तर आधी तोच पुढे करावा. नसेल, तर जाहीरनामा घेऊन न्यायालयात जावं.