हलगी, क्रिकेट आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी : एक अनुभव

सोलापुरात पार्क मैदानाजवळच्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा सामना आणि मध्यंतरात हलगीवादन असा कार्यक्रम झाला. तेथील भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषी सेवेचा अनुभव मी माझ्या कर्णबधिर थोरल्या भावासोबत घेतला. पंचांच्या खुणा सर्वांनाच कळतात. खरी कसोटी समालोचकांच्या थट्टेची होती, आणि दुभाषी ताईंनी शब्दाला शब्द न लावता चेहऱ्याच्या हावभावांतून ती इतकी नेमकी पोहोचवली की दादा माझ्याआधी हसला. हलगीच्या वेळी प्रत्येकाच्या हाती फुगा दिला गेला, कारण त्याच्या ताणलेल्या पडद्यावर नादाची कंपने तळहातांना जाणवतात. (काही फुगे मुलांनी पळवले, हे ओघाने आलेच.)

मात्र वादन सुरू होताच दिवे मंद झाले, ताई अंधारात गेल्या आणि भाषाच बंद पडली. 1924 मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धांत, म्हणजे आजच्या डेफलिंपिक्समध्ये, शर्यत दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते. आयोजकांना प्रकाशाचे हे मोल कळायला हवे होते. शिवाय एवढ्या वेळासाठी आलटून-पालटून काम करणारे दोन दुभाषी आवश्यक होते. शेवटी हात उंचावून, हलवून दिलेली निःशब्द दाद मात्र सर्व सभागृहाने दिली.