शाखाप्रमुख नेमताना: निष्ठावंत, ताकदवान आणि उद्या फुटणारा

तुमच्याकडे पक्षाच्या एका विभागाची जबाबदारी नुकतीच आली आहे. एका वॉर्डात शाखाप्रमुख, म्हणजे तिथल्या पक्षशाखेचा मुख्य पदाधिकारी, नेमायचा आहे आणि समोर दोन नावं आहेत. एकाने पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या, दिलेला शब्द कधी खाली पडू दिला नाही. दुसऱ्याच्या मागे स्वतःची माणसं आहेत: गणेशोत्सव मंडळ, गोविंदा पथक, तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी. पहिला नेमला तर मतं कमी पडतील, दुसरा नेमला तर उद्या तो पंचवीस जणांसह समोरच्या पक्षात जाईल, ही धास्ती आहे.

मी लालबागमध्ये वाढलो. शाखेच्या फळ्यावरची माणसं बदलताना अनेकदा पाहिली आहेत. ‘निष्ठावंत की कर्तबगार’ या प्रश्नाच्या आधी मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्या माणसाची ताकद नेमकी कुणाच्या नावावर जमा आहे?

शिवसेनेतली दोन बंडं शेजारी ठेवून पाहा. छगन भुजबळ मुंबईचे दोनदा महापौर झाले. मनोहर जोशींना विरोधी पक्षनेतेपद मिळाल्याची सल त्यांच्या मनात होती आणि डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी ते काही आमदारांसह शिवसेनेबाहेर पडले. १९९५ मध्ये माझगावात त्यांना बाळा नांदगावकर या साध्या शिवसैनिकाने हरवलं. नारायण राणेंचं उलटं झालं. जुलै २००५ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली, ते काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच वर्षी मालवणच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या उमेदवाराचं डिपॉझिटही वाचलं नाही. पक्ष तोच, नेतृत्वाची शैली तीच. फरक एवढाच की माझगावात दारोदार जाणारी यंत्रणा शाखेची होती आणि मालवणात ती राणेंची होती.

म्हणून त्या दुसऱ्या उमेदवाराची माणसं कामं घेऊन कुठे येतात, ते आठवडाभर बघा. शाखेत येत असतील तर त्याला बिनधास्त नेमा. त्याच्या घरी किंवा ऑफिसात जात असतील तर पद देऊन तुम्ही त्याच्या ताकदीवर आपला शिक्का मारून देणार आहात.

आता निष्ठावंताकडे वळू. त्याच्याबद्दल आपण जरा भाबडे असतो. भुजबळांना हरवणारे नांदगावकर २००६ मध्ये राज ठाकरेंसोबत मनसेत गेले आणि २००९ मध्ये शिवडीतून निवडून आले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची निष्ठा होती, पण ती व्यक्तीशी होती. तुमचा सतरंज्या उचलणारा माणूस तुमच्याशी निष्ठावंत आहे, पक्षाशी आहे, की तुमच्या आधीच्या विभागप्रमुखाशी? हे न तपासता केवळ वर्षं मोजून पद दिलं तर ते बक्षीस होतं, नेमणूक होत नाही.

याहून मोठी चूक मुदतीच्या बाबतीत होते. महापालिकेत पैशांचे प्रस्ताव स्थायी समितीतून जातात, म्हणून तिचं अध्यक्षपद महापौरपदापेक्षा वजनदार मानलं जातं. शिवसेनेने हे पद राहुल शेवाळेंकडे २०१० पासून सलग चार वर्षं ठेवलं, पुढे २०१८ पासून यशवंत जाधवांकडेही तसंच सलग चार वर्षं ठेवलं. २०२२ मध्ये दोघेही एकनाथ शिंदेंसोबत गेले. त्यांच्या जाण्याला इतरही कारणं असतील. पण एकाच खुर्चीत इतका काळ बसलेल्या माणसाचे अधिकाऱ्यांशी, कंत्राटदारांशी, इतर नगरसेवकांशी जे संबंध जुळतात, ते त्याच्यासोबतच चालते होतात. म्हणून ताकदवान माणूस नेमा, पण अडीच वर्षांसाठी, आणि हे नेमणुकीच्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगा.

आता फुटू पाहणाऱ्याचं काय? मार्ग तीन आहेत: काढून टाकणं, बाजूला बसवणं, परत घेणं.

काढून टाकणं सोपं दिसतं. कार्यकर्त्यांना बरं वाटतं, संदेश जातो. माणूस एकटा असेल तर हाच मार्ग चांगला. पण त्याच्यासोबत किती जण जातील हे न मोजता नोटीस काढू नका. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेत मनसेचे सात नगरसेवक निवडून आले होते. ऑक्टोबरमध्ये त्यातले सहा एकदम शिवसेनेत गेले. मागे राहिलेल्या एकाच्या बळावर कुणावर कारवाई करणार? कायद्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. शिंदेंच्या जून २०२२ च्या बंडानंतर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. तरी १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. दीड वर्षात सरकार, नाव, चिन्ह, सगळं बदलून गेलं होतं.

बाजूला बसवणं हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात वाईट हाताळला जाणारा मार्ग. २०१९ च्या विधानसभेला भाजपने एकनाथ खडसे आणि बोरिवलीचे विनोद तावडे या दोघांचीही तिकिटं कापली. दोघांवर फितुरीचा आरोप नव्हता, पण दुखावलेल्या माणसाला कसं वागवावं हे यातून कळतं. तावडेंना पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर संघटनेचं काम मिळालं, ते राहिले. खडसे २०१६ मध्ये मंत्रिपद गेल्यापासून वाट बघत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ते राष्ट्रवादीत गेले. पद काढून घेता येतं, पण हातातलं सगळंच काढून घेतलं तर तो माणूस दिवसभर काय करणार? तो फोन फिरवणार.

परत घेण्याबद्दल माझं मत ठाम आहे: घ्या, पण त्याच खुर्चीवर बसवू नका. शरद पवारांनी १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडलं, १९८६ मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले आणि १९८८ मध्ये मुख्यमंत्री झाले. मध्ये दहा वर्षं गेली होती आणि पक्षालाही त्यांची गरज होती. १९९० ची निवडणूक काँग्रेसने त्यांच्याच नेतृत्वाखाली लढवून सत्ता राखली. याउलट अजित पवारांनी २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे भाजपसोबत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तीन दिवसांत राजीनामा दिला आणि ३० डिसेंबरला ते पुन्हा उपमुख्यमंत्री होते, या वेळी आपल्याच पक्षाकडून. २ जुलै २०२३ ला ते बहुसंख्य आमदार घेऊन बाहेर पडले. सव्वा महिन्यात नात्यातली तेढ मिटू शकते. आमदारांवरची पकड कुणाची, हा प्रश्न मिटत नाही.

तुमच्या दोन नावांपैकी मी दुसऱ्याला शाखाप्रमुख करीन आणि पहिल्याला गटप्रमुखांची (शाखेखालच्या छोट्या भागांतल्या कार्यकर्त्यांची) बांधणी आणि मतदार यादी देईन, म्हणजे घरोघरची ओळख त्याच्याकडे राहील. आणि जुना पदाधिकारी समोरच्यांसोबत बसतो असं कानावर आलं असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याला काय खुपतंय ते विचारा. त्याच आठवड्यात शाखेचा भाडेकरार, वीजबिल आणि रुग्णवाहिकेचे कागद कुणाच्या नावावर आहेत तेही बघून घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये महापालिका मुख्यालयातल्या शिवसेनेच्या कार्यालयात दोन गट भिडले आणि आयुक्तांनी सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांना कुलूप लावलं. तुमच्या शाखेच्या दारावर ती वेळ येऊ नये.