चिलिंगहॅम की मंकास्टर? भुताच्या वाटेला एक रात्र

इंग्लंडच्या उत्तर भागात जुन्या कॅसलमध्ये रात्र जागवायची म्हटली की फिरून फिरून ही दोन नावं पुढे येतात. नॉर्थंबरलंडमधलं चिलिंगहॅम आणि कंब्रियातलं मंकास्टर. मी दोन्हीकडे रात्र काढली आहे, दोन वर्षांच्या अंतराने, दोन्ही वेळा ऑक्टोबरच्या अखेरीस. जूनमध्ये मात्र जाऊ नका. तिकडे तेव्हा अंधार पडायलाच रात्रीचे अकरा वाजतात.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड येतो. ही दोन्ही तशी नाहीत. आपल्याकडच्या सरदारांच्या गढ्यांसारखी ती आहेत, पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदलेली. म्हणून तिथल्या भुतांनाही घरचेपण आहे.

नुसती वास्तू पाहायची तर चिलिंगहॅमच अधिक अंगावर येतं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १२९८ मध्ये स्कॉटलंडच्या बंडाचा नेता विल्यम वॉलेस याच्यावर चालून जाताना इथे उतरला होता. तटबंदीची परवानगी १३४४ ची. चौकात उभं राहून वर बघितलं की चारही बाजूंनी दगड आपल्यावर झुकल्यासारखा वाटतो. इथल्या निळ्या मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: मध्यरात्री गुलाबी खोलीत विव्हळणं, मग पलंगाभोवती निळसर उजेड. भिंतीत एका मुलाची हाडं सापडली, ती रीतसर पुरली आणि विव्हळणं थांबलं, असं सांगतात. माझं बालपण पुण्यात गेलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात काय झालं हे ऐकत वाढलेल्या माणसाला भिंतीमागून येणारी पोराची हाक परकी वाटत नाही.

पण मला ओढ होती ती लेडी मेरी बर्कलीची. तिचा नवरा फोर्ड ग्रे तिच्याच धाकट्या बहिणीबरोबर, हेन्रिएटाबरोबर गेला. १६८२ मध्ये त्यावरून खटलाही चालला, म्हणजे ही नुसती दंतकथा नव्हे. मागे राहिलेली मेरी अजून त्याला शोधत फिरते आणि ती दिसत नाही, ऐकू येते, असं म्हणतात. बोळातून रेशमी झग्याची सळसळ जाते आणि मागोमाग गार झुळूक येते.

आणि नेमकं इथेच माझं बिनसलं. आम्ही वीस-बावीस जण होतो. कडाक्याची थंडी, त्यामुळे प्रत्येकाच्या अंगात ते फुगीर, पावसाळी, नायलॉनचं जाकीट. दिवे मालवले, सगळे गप्प झाले, आणि अंधार सळसळू लागला. कुणी हात हलवला, सर्र. कुणी मान वळवली, सर्र. कुणी नुसता दीर्घ श्वास घेतला तरी सर्र. जी बाई फक्त सळसळीतूनच कळते, तिला त्या गर्दीत ओळखायचं कसं? दोनदा माझ्या डाव्या बाजूने काहीतरी गेल्यासारखं वाटलं. मी आजही सांगू शकत नाही की तो झगा होता की शेजाऱ्याची बाही. दोष ना वास्तूचा, ना आयोजकांचा. माझ्याही अंगात तसलंच जाकीट होतं. पण ती रात्र हातातून गेली याची चुटपुट मला दोन वर्षं पुरली.

मंकास्टरला मी गेलो तो याच कारणाने. तिथे टॅपेस्ट्री रूम नावाची एकच खोली लहानशा गटाला रात्रभर बसायला देतात. पेनिंग्टन घराणं इथे आठशे वर्षांहून अधिक काळ आहे. १८७१ मध्ये अकराव्या वर्षी वारलेल्या मार्गारेट या त्यांच्या मुलीचं रडणं या खोलीत ऐकू येतं आणि कुणी बाई तिला गाऊन निजवते, असं म्हणतात. जेसन ब्रेथवेट या मानसशास्त्रज्ञाने या खोलीतल्या पलंगाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं होतं. पलंगाच्या लोखंडी जाळीमुळे ते उशीपाशी विस्कळीत होतं, असा त्याचा २००४ मधला निष्कर्ष. मला हे वाचून खोलीबद्दलचा आदर वाढला. निदान कुणीतरी तिच्याकडे नीट लक्ष दिलं.

आम्ही चौघं होतो. लोकरीचे स्वेटर, पायात जाड मोजे, बूट दाराशी. ठरवलं होतं की रात्री कुणी बोलायचं नाही, जे ऐकू येईल ते वेळेसकट आपापल्या कागदावर लिहायचं. बाराच्या सुमारास घुबड बोललं. ते खरंच होतं, आवारात घुबडं पाळलेली आहेत. मग खूप वेळ काही नाही. इतकी शांतता की पेन्सिलीचा आवाज नकोसा वाटावा. सकाळी कागद जुळवले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास बायकोने लिहिलं होतं, ‘बोळात पावलं, दारापाशी थांबली.’ माझ्या कागदावर त्याच वेळेला होतं, ‘दाराबाहेर कुणीतरी.’ बाकी दोघांनी काही लिहिलेलं नव्हतं. एवढंच. जुनी लाकडं रात्री आवाज करतात, हे मलाही मान्य आहे. पण जे ऐकलं ते ऐकलं, त्यात नायलॉन नव्हतं.

अर्थात, तुमचं गणित वेगळं असू शकतं. एकट्याने जाणार असाल तर चिलिंगहॅमचा गट बरा पडेल, कारण मंकास्टरची खोली चार-पाच जणांत वाटून घेतली तरच खर्च झेपतो. रात्रभर एकाच ठिकाणी बसणं सगळ्यांना मानवत नाही. मुलं बरोबर असतील तर तळघरं, यातनागृह, बोळ असं फिरत राहणं जास्त रमवतं. चिलिंगहॅमच्या आवारात मुक्कामाच्या खोल्याही मिळतात. तिथे दोघातिघांनी राहिलं तर माझी तक्रार उरणारही नाही कदाचित. मी राहिलेलो नाही, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही. रेल्वेने जाणार असाल तर मंकास्टर सोपं आहे. रेव्हनग्लास स्टेशनवरून चालत जाता येतं. दिवसाउजेडी पोहोचलात तर फाटकाजवळचं चेस्टनटचं झाड बघा. टॉम फूल नावाचा तिथला विदूषक त्याखाली बसायचा आणि मनाला न आलेल्या वाटसरूला नदीच्या रुतत्या वाळूची वाट दाखवायचा, अशी आख्यायिका आहे.

तारखा आणि नियम बदलत असतात, दोन्हीकडे आधी विचारून घ्या. आणि कुठेही जा, लोकरीची शाल घ्या, जाकीट गाडीतच ठेवा.