आडव्या वाऱ्यात पाण्याची धार : टॅब, केएच-आरटी की व्हीओएफ?

अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून पाण्याची धार वर उडतेय आणि सेकंदाला १०० मीटरचा वारा तिला आडवा येतोय. जेट इंजिनात इंधन फवारण्याच्या एका पद्धतीचा हा सोपा नमुना. ही धार फुटून थेंब कसे होतात याचं गणित कॉम्प्युटरवर करायचं, तर टॅब, केएच-आरटी आणि व्हीओएफ या मॉडेलांपैकी कोणतं घ्यायचं? मॉडेल निवडण्याआधी कागदावर वेबर क्रमांक काढा, म्हणजे वाऱ्याचा रेटा आणि पृष्ठताण यांचं गुणोत्तर. इथे तो ८३ च्या आसपास येतो, म्हणजे वाऱ्याचा रेटा पृष्ठताणाला भारी. ५० मायक्रॉनच्या थेंबासाठी तोच आकडा ८ वर येतो. साधारण १२ च्या खाली थेंब फुटत नाहीत.

टॅब (१९८७) सगळ्यात स्वस्त. थेंब म्हणजे स्प्रिंगला लावलेलं वजन : पृष्ठताण ही स्प्रिंग, चिकटपणा हा हेलकावे दाबणारा डॅम्पर, हवा धक्के देणार. हेलकावा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की थेंब फुटला. कमी वेबरच्या, आधीच सुट्या झालेल्या थेंबांना हे शोभतं. धारेच्या मुळाशी वापरलं तर थेंब फार लवकर बारीक होतात आणि फवारा वाऱ्यात पुरेसा शिरतच नाही.

केएच-आरटी (केल्विन-हेल्महोल्ट्झ आणि रेली-टेलर या दोन प्रकारच्या लाटांवरून नाव) नॉझलएवढे, म्हणजे धारेच्या भोकाएवढे, पाण्याचे गोळे सोडतं. एका प्रकारच्या लाटा त्यांच्या कडेवरून बारीक थेंब खरवडतात, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्याचेच तुकडे करतात. खरी मेख आहे बी-वन या स्थिरांकात. फुटायला किती वेळ लागणार हे तोच ठरवतो, आणि लोक तो १.७३ पासून ६० पर्यंत काहीही घेतात! शिवाय हे मॉडेल वाढलं डिझेलच्या फवाऱ्यांवर. तिथे आडवा वारा हा मुख्य प्रश्न नव्हता. आपली धार वाकते, चपटी होते, वाऱ्याकडच्या अंगावर लाटा उठतात, मध्येच पातळ पडद्याच्या पिशव्या फुगून फुटतात. गोल गोळ्याला यातलं काही कळत नाही.

व्हीओएफमध्ये मात्र हे सगळं दिसतं, कारण ते जागेचे बारीक कप्पे (सेल) पाडून प्रत्येकात पाणी किती हे मोजतं. त्याची किंमत बघा : ५० मायक्रॉनच्या थेंबावर दहा सेल हवेत, म्हणजे सेल ५ मायक्रॉनचा. २० × १० × १० मिलिमीटरच्या डब्यात एकसारखा मेश (सेलची जाळी) टाकला तर १,६०० कोटी सेल. गरज तिथेच बारीक होणाऱ्या ॲडॅप्टिव्ह मेशने हा आकडा खूप उतरतो, पण एक फसवणूक उरतेच. पाण्याचा धागा सेलएवढा बारीक झाला की तुटतो, मग खरा तुटणार असो वा नसो. तिथे थेंबाचा आकार पाण्याने नाही, मेशने ठरवलेला असतो. गाइडला रंगीत चित्र दाखवण्याआधी सेल निम्म्या आकाराचे करून पुन्हा चालवा.

धार किती उंच जाते एवढंच हवं असेल तर यातलं काहीच नको. वू आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं सूत्र पुरतं. धारेचा संवेग-प्रवाह (घनता गुणिले वेगाचा वर्ग) हवेच्या दसपट असेल (इथे पाण्याचा वेग सेकंदाला ११ मीटर), तर धार सुमारे ४ मिलिमीटर पुढे आणि साडेपाच मिलिमीटर उंचीवर तुटते.

थेंबांचे आकार हवेत आणि हाताशी सहा महिने आहेत, तर मी केएच-आरटी घेईन. बी-वन आधी या साडेपाच मिलिमीटरशी जुळवेन, नंतरच थेंब मोजेन. व्हीओएफ नॉझलजवळच्या एकाच केससाठी, तेही क्लस्टर (जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांचा संच) मिळाला तर.