मॉडेल रेल्वेच्या इंजिनात दिवे बसवून देतो म्हणणाऱ्याने १५,५९० रुपयांना कसे फसवले

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण रागापेक्षा लाज जास्त होती. परंतु मागच्या आठवड्यात लातूरच्या एका परिचिताने मला एक व्हिडिओ पाठवून “या कारागिराचे काम कसे वाटते?” असे विचारले, आणि मला फसवणाऱ्याने दाखवलेला व्हिडिओ तोच निघाला. आता गप्प राहणे बरोबर नाही.

माझे वडील पूर्णा येथील लोको शेडमध्ये मीटरगेजच्या काळात नोकरीला होते. निवृत्तीनंतर मी घरातील एका खोलीत एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातील आणि १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे उभी केली. दोन डिझेल इंजिने आणि चार डबे एवढाच संसार. इंजिनाचे पुढचे-मागचे दिवे, डब्यांतील उजेड आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा हे सारे जळावे अशी माझी फार इच्छा होती. तो लाल दिवा दिसला म्हणजे गाडी अखंड पार झाली, मधला एकही डबा मागे सुटला नाही, हे वडिलांनी मला लहानपणी फलाटावर उभे करून शिकवले होते.

हे काम मी स्वतः का केले नाही, असे घरच्यांसह सर्वांनी विचारले. माझा हात थरथरतो आणि तांदळाएवढ्या एलईडीला केसासारख्या तारेचा डाग (सोल्डर) देणे मला जमत नाही. शिवाय ज्याला मी हे काम दिले, त्या माणसाला विषयाची माहिती खरोखरच होती. फोनवर त्याने न अडखळता सांगितले की डिकोडरची, म्हणजे रुळांतून आलेले आदेश ओळखून इंजिनाची मोटर आणि दिवे चालवणाऱ्या छोट्या पट्टीची, लाल आणि काळी तार रुळांकडून येते, नारिंगी आणि करडी मोटरला जाते, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला आणि निळी सर्वांना सामाईक. यातले एक अक्षरही चुकीचे नव्हते. “काका, गाडी माझ्या घरची समजा,” असे तो प्रत्येक वेळी म्हणायचा. अशा माणसावर अविश्वास कोणी दाखवला असता?

दोन डिकोडरचे ५,९०० रुपये, चार डब्यांच्या दिव्यांच्या पट्ट्यांचे ३,४०० आणि मजुरी २,२०० असे ११,५०० रुपये मी यूपीआयने आगाऊ पाठवले. इंजिने आणि डबे कुरिअरने पाठवण्याचे ५४० वेगळे. दहा दिवसांनी, डिकोडर परदेशातून येत असून सीमाशुल्कात अडकले आहेत म्हणून २,८६० मागितले. अशी मागणी ही फसवणुकीची खूण असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे आणि ते मलाही ठाऊक होते. तरीही माल त्याच्या ताब्यात असल्याने मी पैसे भरले. सीमाशुल्काची पावती दाखवल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

आता त्या व्हिडिओविषयी, कारण रात्री अजूनही तोच माझ्या डोळ्यांपुढे येतो. माझे इंजिन रुळावर उभे आहे, पुढचा दिवा लख्ख पेटला आहे आणि शेजारी एका गोल बटणाचा साधा डीसी कंट्रोलर, म्हणजे रुळांतली वीज कमी-जास्त करणारा खोका आहे, ज्याचे बटण शून्यावर आहे. साध्या डीसी रुळावर बटण शून्यावर असले की रुळांत वीजच नसते, मग दिवा कशावर जळणार? इंजिन उभे असताना दिवा पेटता ठेवायचा तर डीसीसीची, म्हणजे रुळांत सतत वीज ठेवून डिकोडरला आदेश पाठवणारी, स्वतंत्र यंत्रणा लागते, आणि ती तिथे नव्हती. त्यानंतर त्याने इंजिन हातात उचलून आडवे धरले. दिवा तसाच जळत होता. मी घड्याळ लावून मोजले, अकरा सेकंद. मी विचारलेही, आणि तो म्हणाला, “४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आहे काका, म्हणून.” कपॅसिटर थोडी वीज साठवून ठेवतो, पण तेवढा कपॅसिटर एका एलईडीला जेमतेम सेकंदभर पुरतो, हे गणित मला येत होते. मी ते केले नाही, कारण मला तो दिवा पेटलेला पाहायचा होता. उलट परतीच्या विमा-कुरिअरचे ६९० रुपये त्याच संध्याकाळी पाठवले.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पार्सल आले. आत एकच इंजिन होते. बॉडी उचलली तर डिकोडर नाही, इंजिनाची मूळ सर्किट पट्टीही काढून घेतलेली, आणि ग्लू गनच्या गोंदात बुडवलेला एक बटन सेल थेट एलईडीच्या दोन पायांना चिकटवलेला. दुसरे इंजिन आणि चारही डबे आजतागायत आलेले नाहीत. त्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद आहे.

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी तो आठ दिवस उशिरा केला, कारण तो परत फोन करील अशी आशा होती. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतःच्या हाताने केला आहे, त्यामुळे तो अनधिकृत ठरत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवले आणि “खेळण्यातल्या रेल्वेचे दिवे?” असे विचारून शेजारच्या टेबलावरील कर्मचाऱ्यालाही ऐकवले. दुसऱ्या फेरीत प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगितले, तिसऱ्या फेरीत पार्सल जिथे गेले तिथल्या ठाण्यात जाण्यास सांगितले, आणि चौथ्या फेरीत माझा अर्जच सापडत नव्हता. हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेऊन पुढे पाठवता येते, हे मी त्यांना नम्रपणे म्हणालो, तर “कायदा तुम्ही आम्हाला शिकवणार का?” असे उत्तर मिळाले. एकसष्ट वर्षांच्या माणसाने आपली वस्तू चोरीला गेली हे सांगायला पाच वेळा जावे आणि पाचही वेळा आपल्या वस्तूची किंमत काय हे समजावत बसावे, ही कोणती व्यवस्था आहे? ती इंजिने आणि डबे मी सहा वर्षांत ४१,२०० रुपये साठवून घेतले होते.

आता मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला ठाण्यात कोणीही सांगितले नाही.

ज्यांना केवळ दिवे हवे आहेत त्यांनी डिकोडरच्या नादी लागू नये. १२ व्होल्टच्या रुळावर पांढऱ्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे ९ मिलिअँपिअर वीज जाते आणि तेवढी पुरते; डब्यांसाठी त्यापूर्वी ब्रिज रेक्टिफायर जोडावा, म्हणजे गाडी कोणत्याही दिशेने धावली तरी उजेड राहतो. काम बाहेर द्यायचेच असेल तर एकच डबा द्या, आणि व्हिडिओत बटण शून्यावर नेऊन दाखवायला सांगा, म्हणजे साध्या डीसी रुळावर दिवा विझतो की नाही ते कळेल.

माझ्या न परतलेल्या इंजिनाच्या चालक-कक्षाची डावी पायरी तुटलेली आहे आणि शेवटच्या डब्याच्या तळाशी तांबड्या रंगात, बारीक अक्षरांत ‘पूर्णा’ असे मी स्वतः लिहिले आहे. असा डबा कोणी विकायला आणला, तर कृपया आधी तो उलटा करून पाहा आणि मला कळवा.