आयबीसी घ्यायची कोणती: पिंजऱ्याची, स्टीलची की जम्बो बॅग?

आयबीसी (इंटरमीडिएट बल्क कंटेनर) म्हणजे ड्रमपेक्षा मोठं, फोर्कलिफ्टने उचलायचं मालाचं भांडं. खरेदीवाले आधी दर विचारतात. मी विचारतो, आत काय भरणार आणि टाकी परत येणार का?

लोटे असो की तारापूर, एमआयडीसीत सगळीकडे दिसते ती पिंजऱ्याची टाकी: आत पांढरं एचडीपीई प्लॅस्टिक, बाहेर गॅल्व्हनाइज्ड पाइप, खाली पॅलेट. हजार लिटर मावतं, रिकामी साधारण साठ किलो भरते. हायड्रोक्लोरिक आम्ल, हायपो (ब्लीचचं द्रावण), कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) यांना हीच बरी. ‘आम्ल आहे, मग स्टेनलेसच घेऊ’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हायड्रोक्लोरिक ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसलासुद्धा खातं! हायपोला मात्र व्हेंटचं (वायू बाहेर सोडणारं) झाकण लावा आणि टाकी सावलीत ठेवा, नाहीतर ती फुगते.

हजार लिटर म्हणजे हजार किलो, हा हिशेब फक्त पाण्याचा. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, म्हणजे नुसता मालच अठराशे किलोंच्या वर. टाकी तेवढ्या घनतेची आहे का ते प्लेटवर बघा. आणि आपली फोर्कलिफ्ट? दीड टनी असेल तर तिथेच थांबा.

सॉल्व्हंटला मी स्टील घेतो. टोल्युइनसारखा माल एचडीपीईत मुरतो, हळूहळू बाहेरही झिरपतो. त्यात साध्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते. स्टीलला अर्थिंगचा क्लॅम्प लावता येतो, पण लावायला विसरलात तर जास्तीचे पैसे वाया. किंमत प्लॅस्टिकच्या कितीतरी पट, त्यामुळे गिऱ्हाईक टाकी परत पाठवणारं असेल तरच परवडतं. एकेरी खेपेला स्टील पाठवणं म्हणजे चहासोबत कप देऊन टाकण्यासारखं.

टाकी निवडताना गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) कोणी बघत नाही. आमच्याकडे एकदा नव्याकोऱ्या स्टीलच्या टाकीत टोल्युइन भरलं. काही दिवसांनी व्हॉल्व्हखाली थेंब दिसला. उघडून पाहिलं तर ईपीडीएम रबराचं गॅस्केट फुगून जिभेसारखं बाहेर आलेलं. टाकी बरोबर होती, दोन बोटांचं रबर चुकलं होतं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) घातलं, गळती थांबली.

पावडर असेल तर जम्बो बॅग, म्हणजे विणलेल्या प्लॅस्टिकचं मोठं पोतं. रिकामी झाली की घडी घालून कोपऱ्यात ठेवता येते. ए ते डी हे तिचे प्रकार स्थिर विजेपासून किती संरक्षण आहे त्यावर ठरतात. सिमेंट, मीठ अशा न पेटणाऱ्या मालाला साधी ए टाइप पुरते. ज्वालाग्राही वाफा असतील तिथे ए आणि बी दोन्ही नकोत, सी किंवा डी घ्या. सी टाइप अर्थिंगशिवाय भरायची किंवा रिकामी करायची नाही. एकदाच वापरायच्या बॅगेला ५:१ सुरक्षा गुणांक (ठरलेल्या वजनाच्या पाचपट भार पेलण्याची ताकद) असतो. ती पुन्हा भरून पैसे वाचवू नका.

जुनी, रिकंडिशन्ड टाकी? सांडपाण्याच्या प्लांटला खुशाल घ्या. धोकादायक मालाच्या वाहतुकीला मात्र प्लॅस्टिकची आयबीसी बनल्यापासून पाचच वर्षं चालते, आणि तोवरही दर अडीच वर्षांनी तपासणी लागते. प्लेटवर ३१एचए१ (पिंजऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या टाकीचा यूएन कोड) च्या पुढे महिना आणि वर्ष असतं. विकणारा प्लेट दाखवायला कुरकुर करत असेल तर झाकण उघडायचीही तसदी घेऊ नका.