यूटूच्या एलपी घ्यायच्या तर कुठल्या काळातल्या?

नेरुळच्या भाच्याने एलपी रेकॉर्ड वाजवायला टर्नटेबल घेतलाय. बजेट तीन एलपींचं, आणि समोर यूटू या आयरिश रॉक बँडचे १९८० ते २०२३ पर्यंतचे पंधरा स्टुडिओ अल्बम. "मामा, जुनं यूटू घेऊ की २००० नंतरचं?" असा त्याचा फोन आला. ठाण्यात तलावपाळीवर आमची मंडळी जमली की याच प्रश्नावरून हमरीतुमरी होते. एक गट म्हणतो, १९९३ नंतर बँड संपला. दुसरा गट २००० चं 'ब्यूटिफुल डे' हे गाणं ऐकूनच यूटूकडे वळलेला, त्यामुळे त्यांना हे बोलणं म्हाताऱ्यांचं रडगाणं वाटतं. मी पहिल्या गटात बसतो, पण काही बाबतीत दुसऱ्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

आधी जुना काळ. १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हेडफोन लावून ऐकावा. पहिल्या गाण्यात ऑर्गनचा लांबट सूर अंधारातून वर आल्यासारखा येतो, मग बँडचा गिटारवादक एज याची गिटार. एज मोजकेच सूर छेडतो, पण डिले यंत्र त्यांचे प्रतिध्वनी तालाच्या अधेमधे टाकत जातं आणि एका गिटारच्या तीन-चार झाल्यासारख्या वाटतात. गिटारची सुरुवात तिनाच्या चालीत आहे. ड्रम आणि बेस आत येईपर्यंत ती चाराच्या ठेक्यावर कधी आली, ते पहिल्या ऐकण्यात लक्षातच येत नाही. ही जोडणी बसवताना स्टुडिओत इतके दिवस गेले की निर्माता ब्रायन इनो वैतागून टेपच पुसायला निघाला होता. इंजिनिअरने अडवलं म्हणून ते गाणं आज आहे.

मग १९९१ चा 'आख्तुंग बेबी'. जर्मनीचं एकीकरण होत असतानाच हे चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत पोचले आणि तिथे त्यांचं आपसात जमेना. नाचण्याजोगा ठेका हवा की जुनाच रॉक, यावरून बँड फुटायच्या बेतात होता. त्या भांडणातच एका अर्धवट गाण्याचे सूर चाळवताना 'वन' सापडलं. लग्नात लोक ते प्रेमगीत म्हणून वाजवतात. शब्द नीट ऐकले तर वाजवणार नाहीत. आठच वर्षांपूर्वी पांढरा झेंडा नाचवत गाणारा बँडचा गायक बॉनो इथे काळा चष्मा लावून स्वतःचीच टिंगल करतो. एवढी मोठी कोलांटी उडी मारायला छाती लागते, आणि ती त्यांनी यशाच्या शिखरावर असताना मारली.

१९९७ च्या 'पॉप'पाशी गाडी घसरली. दौऱ्याच्या तारखा आधी ठरल्या होत्या, अल्बम घाईत उरकावा लागला. नंतर संकलन काढताना त्यातली काही गाणी त्यांनी पुन्हा मिक्स केली, यातच सगळं आलं. तरी मला 'पॉप' आवडतो. चुकतोय, पण काहीतरी शोधतोय, हे त्यात ऐकू येतं.

२००० च्या 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड'ने हा शोध थांबवला. एजची ती जुनी घंटानाद गिटार परत आली, गाणी आटोपशीर झाली. 'ब्यूटिफुल डे'ला २००१ मध्ये आणि याच अल्बमच्या 'वॉक ऑन'ला २००२ मध्ये रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. ग्रॅमी घेताना बॉनो म्हणाला होता की जगातल्या सर्वोत्तम बँडच्या नोकरीसाठी आम्ही पुन्हा अर्ज करतोय. तो गमतीने बोलला, पण माझ्या मते पुढच्या वीस वर्षांचं दुखणं तिथेच आहे. नोकरीसाठी अर्ज करणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो, भलतंसलतं बोलत नाही. २००४ चा अल्बम तसाच आहे: चकचकीत, पाठ करून आलेला. २००९ चा 'नो लाइन ऑन द होरायझन' हा अपवाद. त्याचं काम मोरोक्कोतल्या फेज शहरात सुरू झालं. त्यात 'मोमेंट ऑफ सरेंडर' हे सात मिनिटांचं गाणं आहे. ते दुसऱ्या गटाने माझ्यासमोर आपटलं की माझी बोलती बंद होते. पण त्याच अल्बममध्ये रेडिओवर वाजावीत म्हणून घुसवलेली दोन-तीन गाणीही आहेत.

२०१४ चं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. 'सॉंग्ज ऑफ इनोसन्स' न विचारता सुमारे पन्नास कोटी आयट्यून्स खात्यांत टाकला गेला, लोक भडकले, तो काढून टाकायला अ‍ॅपलला खास सोय द्यावी लागली आणि बॉनोने माफी मागितली. वाईट याचं वाटतं की तो अल्बम अगदी घरगुती आहे. चौदाव्या वर्षी गेलेली आई, डब्लिनमधली लहानपणाची गल्ली, १९७४ चे बॉम्बस्फोट. हा माल दार ठोठावून द्यायचा होता, तो खिडकीतून फेकला. शांतपणे ऐकलात तर २००४ च्या अल्बमपेक्षा उजवा वाटेल. २०१७ च्या अल्बमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०२३ च्या 'सॉंग्ज ऑफ सरेंडर'मध्ये चाळीस जुनी गाणी हळू आवाजात पुन्हा गायली आहेत. पावसाळी दुपारी वाजत राहायला ठीक, त्यावर पैसे घालू नका.

आता कार्यक्रमांबद्दल, कारण इथे पारडं फिरतं. १५ डिसेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांची भारतातली पहिली मैफल झाली. बँड १९७६ चा, म्हणजे यायला त्रेचाळीस वर्षं लावली. दौराही १९८७ च्या अल्बमचा होता, तो अख्खा क्रमाने वाजवला. पहिला गट म्हणतो, झालं, नव्यात दम असता तर जुनं घेऊन आले असते का? पण भल्यामोठ्या लाल पडद्यासमोर चार काळ्या आकृत्या उभ्या राहिल्या आणि तो ऑर्गन सुरू झाला, तेव्हा वाजवण्यात थकवा नव्हता. नंतर 'एलिव्हेशन' आणि 'ब्यूटिफुल डे'लाही लोक तितकेच बेभान झाले, हेही मान्य करायला हवं. शेवटाकडे ए. आर. रहमान मुलींसह मंचावर आला. २००९ ते २०११ चा त्यांचा ३६०° दौरा तर सत्तर लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. लास व्हेगासच्या स्फिअर या गोलाकार प्रेक्षागृहात २०२३-२४ मध्ये चाळीस प्रयोग केले, तेही शस्त्रक्रियेमुळे लॅरी मलन ड्रमवर नसताना, आणि तिथला मुख्य अल्बम कुठला? 'आख्तुंग बेबी'च. उतारवयात त्यांनी नवी गाणी दिली नाहीत तितकं जुन्या गाण्यांना नवं शरीर दिलं, असं मला वाटतं.

दुसऱ्या गटाचा एक मुद्दा उरतो: चारही मूळ माणसं इतकी वर्षं एकत्र आहेत. रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल, गन्स अँड रोझेस या बँडांकडे पाहिलं की हे सोपं नाही हे कळतं. फक्त त्याने एलपी चांगली होत नाही.

भाच्याला सांगितलं ते असं: पहिली 'आख्तुंग बेबी', दुसरी 'द जोशुआ ट्री'. तिसरी निवडताना स्वभाव बघ. प्रयोग आवडत असतील तर १९९३ चा 'झूरोपा', घरातल्या सगळ्यांनी ऐकावं असं वाटत असेल तर २००० चा. २००९ चा फोनवरच ऐक, तेही सातच मिनिटं. नंतरच्या काळासाठी एलपी नको, कार्यक्रमांचं चित्रीकरण बघ. तो म्हणाला, "मामा, म्हणजे तू २००० चा घेऊ दिलास?" घे म्हटलं, पण तलावपाळीवर कुणाला सांगू नकोस.